आजीचा तांब्या

आपलं तेर गोरोबाकाकांचं, मडक्यांचं गाव. आमच्या ख्रिस्ती घराच्या दाराशी आजीचा रांजण असायचा. उन्हातून कुणीही आलं, की ती तांब्या पुढं करायची. येशूनं विहिरीवर शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं, ती गोष्ट मला तिथंच कळली, वाचली नंतर.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांचं कडक सोवळं सांगितलंय. बाजारातून आणलेलं धुऊनच घरात यायचं! त्याच घरातली ही लेक १९०० साली ख्रिस्ती झाली. मनातली शिवाशिव त्याआधीच सोडली होती.

परवा गटातल्या एकीनं आमच्याकडचा चहा टाळला. मला राग आला. पण त्याच सकाळी मी झाडलोट करणाऱ्या मावशींना वेगळा कप दिला होता.

आजीकडं तांब्या एकच होता.