रद्दीतले धन
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही गिरणीतला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण जुन्या बाजारात झाले. रविवारी लोक तिथे नटबोल्ट, घड्याळे शोधतात, आम्ही पुस्तके शोधतो. घरी बोलणी बसतात, ती वेगळी!

एकदा मुखपृष्ठ नसलेले एक पुस्तक सापडले. पहिली पानेही गेलेली. जागोजागी अनुस्वार. आम्हांला वाटले, छापखान्याने घोळ घातलाय. वाक्ये लांबच लांब. चार रात्रींत पाच पाने झाली, पण गोडी लागली. विहारातल्या एका वडीलधाऱ्या काकांना दाखवले. म्हणाले, "अरे, हे तर केळुसकर गुरुजींचे!" कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेले गौतम बुद्धांचे चरित्र! बाबासाहेब विद्यार्थी असताना गुरुजींनी हेच पुस्तक त्यांना भेट दिले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेची वाट जिथून निघाली, ते पुस्तक आम्हांला खिळ्यांच्या ढिगाशेजारी मिळाले. त्या रात्री झोप कसली येते!

मग पाळी सुटल्यावर आम्ही काकांकडे जाऊ लागलो. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे. अडलेल्या शब्दाचा अर्थ काका समासात पेन्सिलीने लिहीत. एका पानावर तासभर वाद चाले, चहा गार होई. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना'ही त्यांच्याकडेच वाचली. १८८२ साली आपल्या पुण्यातच छापलेली. पुढे लोक ती विसरले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, म्हणून आपल्या हाती आली. बाईंनी पुरुषांना असे काही खडसावलेय, की आमची मंडळी ऐकायला दारात येऊन उभी राहिली.

काका गेले. पुण्यानुमोदनानंतर आठवड्यातच घर आवरताना त्यांची पुस्तके रद्दीत गेली, किलोच्या भावाने. आम्ही पाळीवर होतो. कळल्यावर तसेच धावलो, तोवर दुकानदाराने माल पुढे पाठवलेला. मुलांना दोष देत नाही. बाप त्या कागदांत काय शोधतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही.

केळुसकरांचे तेवढे वाचले, कारण ते आमच्या पिशवीत होते. समासात काकांचे अक्षर आहे. आजपासून ते विहाराच्या कपाटात ठेवतो आहोत. किल्ली आमच्याकडे आहे. रविवारी वंदनेनंतर आम्ही इथेच बसणार, पहिल्या शिल्लक पानापासून वाचणार. मुलांना घेऊन या.

जयभीम!