बांधावरचा राग



खुनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सराईत गुंड उभा राहतो. गावाकडच्या कितीतरी खुनांची हकीकत मात्र निराळी असते. शेजाऱ्यानं नांगरताना बांध कोरलेला असतो, फार तर वीतभर. वाद बापजाद्यांपासूनचा, मोजणी रखडलेली. त्या सकाळी आईवरून शिवी जाते, हातात कुऱ्हाड असते. घाव बसल्यावर मारणाराच मटकन खाली बसतो.

त्या क्षणी त्याला फाशी आठवत नाही. आठवली असती तर हात उठलाच नसता. म्हणून शिक्षा कडक करा, एवढं म्हणून भागत नाही, असं मला ठामपणे वाटतं. अशा वेळी आवर घालतो तो ‘पोरांच्या तोंडाकडं बघ’ म्हणणारा चुलता, मनगट धरणारी बायको. राग निवायला थोडा वेळ मिळाला की बरंच टळतं. कायदाही हा वेळ मोजतो. पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडणारे नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच पाहिलं: पत्नीचा कबुलीजबाब आणि गोळीबार यांच्यामध्ये काही तास गेले होते, तेव्हा अचानक चिथावणीचा बचाव टिकला नाही.

पण ज्याचा हात उठून गेला, त्याचं काय? औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा हा प्रयोग. तुरुंग, पण कोट नाही. खुनाची शिक्षा झालेला माणूस तिथं बायकामुलांसह राहतो, शेत कसतो. पळून जायला वाट मोकळी आहे, पण मागं संसार आहे. जो धागा रागात तुटला, तोच इथं पुन्हा बांधला जातो. शेजारच्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी याच प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

एवढा विश्वास आपण खून झाल्यावर दाखवतो, आधी का नाही? तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून आपल्याकडे आहे. तिच्या समितीनं नुसतं चावडीवर बसू नये. मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहावं, दोन्ही घरच्या बायकांना बोलावून घ्यावं, आणि खुणेचे दगड सगळ्यांसमक्ष रोवून घ्यावेत. पेरणीच्या आधी.