रंग कोणी भरले?

चित्रकादंबरी हातात आली की आपण लेखकाचं नाव वाचतो, चित्रकाराचं वाचतो. रंग कोणी भरले, हे सहसा बघत नाही. आज मी बोलणार आहे ते या तिसऱ्या माणसाबद्दल.

'बॅटमन : द किलिंग जोक' हे पुस्तक १९८८ साली अमेरिकेत निघालं. लेखन ॲलन मूर यांचं, चित्रं ब्रायन बोलंड यांची आणि रंग जॉन हिगिन्स यांचे. हिगिन्सनी जांभळा, हिरवा, नारिंगी असे भडक रंग सढळ हातानं वापरले. बोलंड यांच्या मनातले रंग मात्र वेगळे होते. २००८ च्या आवृत्तीसाठी त्यांनी सगळं पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं. कथा तीच, संवाद तेच; वाचताना अनुभव मात्र पार निराळा.

बॅटमनचा शत्रू जोकर, त्याच्या भूतकाळाची पानंच घ्या. हशा न मिळणारा विनोदी नट, गरोदर बायको, पैशांची चणचण. नव्या आवृत्तीत ही पानं कृष्णधवल आहेत आणि त्यांत मोजक्याच वस्तू लाल. गुंडांबरोबर तो बसलाय त्या टेबलावरची कोलंबी लाल दिसते. हा लाल पुढे गडद होत जातो आणि शेवटी त्याच्या डोक्यावर चढवलेल्या लाल शिरस्त्राणाशी येऊन थांबतो. ते घालूनच तो एका रात्री रसायनांत पडतो. आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या माणसाला मागे वळून बघताना असंच दिसत असणार! बाकी सगळं पुसट, आणि त्या रात्रीकडे नेणारी प्रत्येक खूण ठळक. मूर यांनी यातलं काही शब्दांत सांगितलेलं नाही. ते रंग सांगतो.

पण जत्रेच्या पानांवर मला हिगिन्सच हवेत. तिथे जोकर पोलीस कमिशनर गॉर्डनला वेड लावायला निघालाय. तो भडक हिरवा-जांभळा डोळ्यांना टोचतो, पान नकोसं वाटतं, आणि गॉर्डनची घुसमट थेट आपल्यापर्यंत पोचते. बोलंड यांचे संयत रंग तिथे देखणे आहेत, पण त्यांच्यामुळे तो ताप उतरतो.

याच हिगिन्सनी 'वॉचमेन' ही चित्रकादंबरीही रंगवली. तिचा सहावा भाग मिळाला तर जरूर बघा. तुरुंगातला कैदी रोर्शाक आणि त्याच्याशी बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ, दोघांची ही कथा. सुरुवातीची पानं उजळ आहेत, पुढे रंग काळवंडत जातात. संवाद न वाचता नुसती पानं उलटलीत, तरी त्या डॉक्टरांचं मन कसं खचत गेलं ते कळेल.