आधी निवारा, मग व्यसनमुक्ती

रस्त्यावर राहणारी तरुण आई नशा करत असेल, तर ‘आधी व्यसन सोड, मग आत ये’ ही अट तिला दाराबाहेरच ठेवते. तिला आत घ्यायला आधी जागा हवी. आपल्या बुऱ्हाणपूरचंच पाहा: 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक होती. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवारा, हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. त्या हिशेबाने इथे किमान दोनशे जणांची सोय हवी. त्यात बाळासह आईला सुरक्षित, वेगळी खोली हवी. आहार, लस, तपासणी आणि समुपदेशन तिला व्यसन सुटण्याआधीच मिळायला हवं.

व्यसन सुटण्याआधीच निवारा दिल्याने नशेला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप येतो. तो बाळाच्या काळजीपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अफू किंवा हेरॉईनवर अवलंबून असलेल्या गर्भवतीची नशा तोडण्यापेक्षा तिला मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिनचा देखरेखीखालचा उपचार द्यावा. खूप दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती अचानक थांबवली, तर झटके येऊ शकतात. आणि मूल हिरावलं जाईल या धास्तीने आईने दवाखाना टाळला, तर नुकसान बाळाचंच होतं. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देतं. अशी आई दिसली, तर तिला हटकू नका. 14446 या राष्ट्रीय मदतवाणीवर फोन करा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत तिच्यासोबत जा.