पालकसभेला न येणारे पालक

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



माध्यमिक शाळांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते : पालकांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही, सभा बोलावली तर चार टाळकी जमतात. तक्रार करणारे शिक्षक बहुधा प्रामाणिक असतात. परंतु ही सभा भरते केव्हा? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. पगारदार बाप अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. रोजंदारीवरच्या आईची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते. उत्पन्न जितके कमी, तितका भार जड. अर्थशास्त्रात ज्याला प्रतिगामी कर म्हणतात, त्याचाच हा प्रकार होय.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुटलेले गाव उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा दिसते. मध्ये खाडा झाला तर पैसे कापले जातात. दहावीचे दुसरे सत्र, पूर्वपरीक्षा आणि बोर्डाची परीक्षा नेमकी याच महिन्यांत येते. मूल आजीपाशी राहते, नाहीतर फडावर जाते. आणि मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळते. अशा आईबापांच्या नावापुढे शाळेच्या वहीत ‘गैरहजर’ असा शेरा पडतो!

शिवाय सभेतील हजेरी म्हणजेच पालकांचा सहभाग, हे समीकरणही तपासून घ्यावे लागेल. हिल आणि टायसन या अमेरिकन संशोधकांनी २००९ साली किशोरवयाच्या उंबरठ्यावरील मुलांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिक्षणाचे मोल मुलाला पटवणे, त्याच्याकडून अपेक्षा ठेवणे, पुढच्या वाटेविषयी त्याच्याशी बोलणे, यांचा त्याच्या प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला. गृहपाठ करून घेण्याचा तसा लाभ दिसला नाही. याचा अर्थ, निरक्षर आईही या कामात उणी नाही. उणीव आहे ती माहितीची. अकरावीच्या शाखा कोणत्या, आयटीआयचा अर्ज केव्हा भरायचा, शिष्यवृत्तीला कोणता दाखला लागतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. सुशिक्षित घरात ही माहिती जेवताना कानावर पडते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. विनाअनुदानित खाजगी शाळांना यातून सूट मिळाली, ही गोष्ट वेगळी. पण हा कायदा सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंतचा. म्हणजे गळती जिथे खरी बोचू लागते त्या नववीच्या दारातच त्याचे संरक्षण संपते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आधी सभेची वेळ बदलून घ्यावी. सभा संध्याकाळी, वस्तीवर भरावी. ऊसतोडीच्या गावांत एक सभा टोळ्या निघण्यापूर्वी व्हावी. शिक्षकांनी महिन्यातून एकदा फडावर दूरध्वनी करावा आणि तो केवळ गुण कळवण्यापुरता नसावा. आणि मुकादमाशी होणाऱ्या करारात बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत आईला खाड्याविना गावी येता यावे, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या दराबरोबरच मांडावी.