पोशीरहून विमानविद्या



हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी श्री. जे. आर. डी. टाटा यांस मिळाला. आज आपल्या पोशीरच्या एका मुलीचा खासगी वैमानिक होण्यासाठी साहाय्याचा अर्ज आम्हांपुढे आहे. आम्हांस त्याचा आनंदच आहे. तथापि हिशेब नीट पाहावा.

परवान्यास वयाची १७ वर्षे पूर्ण व किमान ४० तासांचे उड्डाण हवे. महिन्यास एक तास धरल्यास तीन वर्षे चार महिने. पण हे झाले कागदावर! विमान भूमीस टेकविताना नाक केव्हा व किती उचलावे, हे हातास सवयीनेच कळते. महिनाभर खंड पडला की निम्मा धडा उजळणीत जातो, पैसे मात्र पूर्ण तासाचे. त्यातून आपला पावसाळा! नेरळला पहाटेची गाडी धरावी आणि ढगांमुळे तसेच परतावे.

म्हणून विद्यार्थिनिधीतून दरमहा थोडेथोडके न देता रक्कम एकदम द्यावी, म्हणजे दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत आठवड्यास दोन-तीन धडे सलग होतील. हवामान, दिशाशोधन व नियम यांचा अभ्यास तोवर घरी व्हावा. त्यास इंधन लागत नाही.

या परवान्यावर पगारी नोकरी मिळत नाही, त्यास २०० तासांचा व्यावसायिक परवाना लागतो, हे तिच्या वडिलांस आम्ही सांगितले आहे. तरीही त्यांनी अर्ज मागे घेतलेला नाही. निर्णय याच सभेत व्हावा, अशी आमची विनंती आहे.