चोर आणि संन्यासी



येथे हैदराबादेत संगणकावर मराठी लिहिता यावे म्हणून एका विद्यार्थ्याने मला छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. एके सकाळी अँटिव्हायरसने तो धोकादायक ठरवून कोंडून ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

कारण समजले तेव्हा राग निवळला. हा पहारेकरी चोर ओळखतो तो ज्ञात विषाणूंच्या खुणांवरून आणि वर्तनावरून. खूण चुकली तर घरचाच माणूस पकडला जातो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या नव्या खूणयादीने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल विषाणू मानली आणि जगभर हजारो संगणक अडले. माझ्या प्रोग्रॅमला नडले ते वर्तन. दाबलेली प्रत्येक कळ टिपून तो तिचे देवनागरी अक्षर करी. परवलीचे शब्द चोरणाराही कळाच टिपतो. त्यात त्याच्यावर कोणाची डिजिटल स्वाक्षरी नव्हती, वापरणारा मी एकटा. अनोळखी माणसावर संशय लवकर येतो.

पहारा सैल केला तर चोर सुटतो, कडक केला तर साव अडकतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणसांवर जन्मतःच शिक्का मारला. त्याचा दाह लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त आहे. अँटिव्हायरस कंपनीकडे फाइल तपासणीस पाठवली की यंत्राची चूक सुधारता येते. माणसावरचा शिक्का मात्र कायदा गेल्यावरही पुसला जात नाही. म्हणून मित्रहो, पहारा अवश्य ठेवा. परंतु संशयाला पुरावा मानू नका.